चंद्रावतीची दोन जनावरं

सदतीस दिवस झाले, मोठीने तोंडात काही घेतलं नव्हतं.

चंद्रावती ते कॅलेंडरवर मांडून ठेवायची. जेवली तर गोल, नाही जेवली तर फुली. धाकट्याच्या रांगेत दर बारा दिवसांनी गोल होता. मोठीच्या रांगेत आषाढाच्या शेवटी एक गोल, पुढे दोन फुल्या, आणि तिसरी खेप नेमकी गणपतीच्या चवथीत येत होती.

मोठी आणि धाकटा म्हणजे साप. पण चंद्रावती 'साप' म्हणत नाही, 'जनावर' म्हणते. गोव्यातल्या नार्व्यात जुनी माणसं तसंच म्हणतात. नाव घेतलं की येतं, अशी समजूत. हिने तर कधीच नाव घेतलं नव्हतं, तरी दोन जनावरं तिच्या घरातल्या भाताच्या कुडीत, म्हणजे कोठीच्या खोलीत, येऊन राहिली होती. चार-चार फुटांची, केशरी अंगावर लाल ठिपक्यांची. आणि त्यांना वेळेवर जेवू घालणं हे तिचं काम होतं.

हे ऐकून गावात माणसं पोट धरून हसली. कारण चंद्रावती म्हणजे दांडा. तीस वर्षं वाड्यावर कुणाच्याही घरात जनावर निघालं की पहिली हाक तिला: "चंद्रावयनेक बोलय, दांडो घेवन येवक सांग!" नवरा मधुकर खाणीवर टिपर चालवायचा, दिवसभर घरी नसायचा, लग्नानंतर पहिल्याच वर्षी न्हाणीत नाग निघाला तेव्हा तिने एकटीने तो मारला आणि त्या दिवसापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. पुरुष मागे उभे राहून सल्ले द्यायचे, मारायची ही. तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? ज्यांची छाती होत नव्हती त्यांनीच तिला दांडा दिला होता.

फक्त मारताना कोणी विचारायचं नाही, की हे जनावर कुठलं. आपल्याकडे ओळखायची घाई कोणालाच नसते. मारायची असते.

तिची मुलगी गौरवी तेरा वर्षांची असताना तिने घराच्या पायरीवर एक काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर ठेचलं. मण्यार म्हणून. गौरवी ओणवी होऊन बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हो कवड्या. ह्याका विख नसता. पट्टे मानेकडसून सुरू जातत, बघ." मग ती उठून आत गेली आणि अकरा दिवस आईशी बोलली नाही. बारावा दिवस उजाडला तेव्हा बोलली, पण त्यानंतर तिने आईला काही दाखवायचंच सोडून दिलं. पुढे ती स्वतःच सापांना वाचवायला लागली. मग गाव दोन फोनांवर चालू लागलं: घाबरलेल्यांसाठी आईचा दांडा, शहाण्यांसाठी लेकीचा साप उचलायचा आकडा. एका घरात राहून दोघी एकमेकींच्या धंद्यावर उठल्या होत्या.

ही दोन जनावरंही गौरवीनेच आणली होती. मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पर्यटकांच्या गळ्यात घालून फोटो काढायला ती ठेवलेली. हॉटेल बंद पडलं, माणसं गेली, आणि काचेच्या पेटीत ही दोन राहिली. कोणीतरी गौरवीला फोन केला, "दोन घोणशी हत." ती नार्व्याहून मांद्र्यापर्यंत स्कूटर मारत गेली. घोणस कसली! अमेरिकेतले साप. तिथे मक्याच्या कोठारात उंदरांवर जगतात म्हणून त्यांना मक्याचे साप म्हणतात. विष नाही. आपल्या दिवडाचे लांबचे भाऊबंद. परदेशी म्हणून रानात सोडायची सोय नाही, आणि परत घ्यायला कोणी नाही. गौरवीने अर्ज केले, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, आणि शेवटी तोंडी उत्तर आलं, "तूर्तास तुमच्याकडेच राहू देत." आपल्याकडे 'तूर्तास' म्हणजे जन्मभर, हे काय सांगायला पाहिजे?

मोठी मादी, तिचं नाव गौरवीने आमसूल ठेवलं. धाकटा नर, त्याचं केशर. चंद्रावतीने ती नावं एकदाही उच्चारली नाहीत. नाव ठेवलं की नातं लागतं.

जूनमध्ये गौरवीला मंगळूरला जनावरांच्या डॉक्टरकडे चार महिन्यांचं शिक्षण मिळालं. जाताना ती बापाकडे वळली नाही. आईकडे आली.

"आई, बाबांना नाही जमणार. तूच."

"मी? अगे, माझ्या हातातसून आजवर एक तरी सुटला काय?"

"म्हणूनच," गौरवी म्हणाली. "मी येईन तेव्हा दोघं जिवंत पाहिजेत. बाकी काही मागत नाही."

चंद्रावती तेव्हा हसली होती. पण बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि तिच्या लक्षात आलं, की कवड्यानंतर पहिल्यांदाच पोरीने तिच्याकडे काही मागितलं होतं.

*

गौरवीने कुडीच्या भिंतीवर एक कागद दोऱ्याने टांगला होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. चंद्रावतीला पुढची बाजू तोंडपाठ होती. बारा दिवसांनी एकेक उंदीर. फ्रीजमधला गोठवलेला उंदीर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, मग कोमट पाण्यात, मग पुसून कोरडा, मग चिमट्याने. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. खाली सोडणाचा, म्हणजे नारळाच्या काथ्याचा, भुसा, ओला दिसला की बदलायचा, नाहीतर पोटाच्या खवल्यांना चट्टे पडतात. पाणी रोज. कुलूप रोज. कुलपाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

घर म्हणजे मये गावच्या सुताराने केलेलं आडवं लाकडी कपाट. पुढे सरकती काच, वर बारीक जाळी, आत दोन्हीकडे लपायला उपडी घातलेली, तोंड फोडलेली दोन मातीची बुडकुली. आणि मधे एक उभी फळी, वरून खाचेत सरकणारी; काचेला कुलूप लागलं की तीही जागच्या जागी अडकायची. सुताराला दोन कपाटं सांगितली होती. त्याने विचारलं, "जोडी मगो?" गौरवी हो म्हणाली. जोडी म्हटल्यावर त्याने स्वतःच्या अकलेने एकच केलं आणि मधे फळी घातली, 'पुढेमागे कामाला येईल' म्हणून. गौरवी चिडली होती. हे साप एकएकटे राहणारे. जेवताना तर एकमेकांच्या वाऱ्याला नकोत. पण दुसरं कपाट व्हायच्या आत तिला जावं लागलं. फळी तेवढी पावसाने फुगून घट्ट बसली होती, आणि चंद्रावतीला ते बरंच वाटत होतं.

सुरुवातीला ती दारातूनच चिमटा लांबवायची. मग उंबऱ्याच्या आत आली. मग पाट घेऊन बसायला लागली. हात मात्र तिने कधी लावला नाही. पाणी बदलायचं तरी आधी आकड्याने जनावर बाजूला सारायची.

श्रावणात मोठीचे डोळे दुधाळ झाले. चंद्रावतीला वाटलं, आंधळी झाली, आता मरणार, आणि पोर म्हणणार आईने मारली. फोन लावला तर गौरवी हसली, "कात टाकायची आहे तिला. तेव्हा नाही जेवत. थांब."

कात पडली. चवथीच्या पाच दिवस आधी, नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी. तरी पोट आत गेलेलं, कण्याची रेघ दिसायला लागलेली. गौरवी आता हसली नाही. "ह्या खेपेला खाल्लं पाहिजे, आई. नाही खाल्लं तर मला सांग. मी येते."

"येतंस खंय? तुझा शिक्षण?"

"ते बघू."

म्हणजे आणखी एक फुली पडली की पोरीचं शिक्षण अर्ध्यावर. चंद्रावतीने फोन ठेवला आणि पदराने मानेवरचा घाम पुसला.

*

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी वास्कोहून जयराम आणि देवकी आले. जयराम मधुकरचा धाकटा भाऊ, बंदरात नोकरीला. वर्षभर कुठे का असेना, चवथीला मूळ घरी येणारच. देवकी त्याची बायको. मायेची, पण हात एका जागी न राहणारी. आल्या आल्या तिने पदर खोचला, माटोळीला, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, काय काय आलंय ते मोजलं, कवंडळाची दोन फळं कमी आहेत म्हणाली आणि नेवऱ्यांचं पुरण ठेवायला फ्रीज उघडला.

"ता वरचा उघडू नको गो!" चंद्रावती खोबरं किसता किसता ओरडली.

उशीर झाला होता. देवकीच्या हातात आइस्क्रीमचा डबा होता, आणि झाकण दुसऱ्या हातात.

किंकाळी थेट नदीपर्यंत गेली असेल. डब्यात दहा पांढरे उंदीर शेपट्या जुळवून शिस्तीत झोपले होते.

जयराम धावत आला, बघितलं आणि त्याचा चेहरा कीर्तनकारासारखा झाला. "वयनी! फाल्या गणपती येतलो आणि तू देवाचा वाहान बर्फात घालून ठेवलंस? घर शिवराक, मासळीसुद्धा बंद, फ्रीज शिवराक, आणि ह्या काय?"

"भावजी, गणपतीच्या पोटार जनावर आसा आणि पायाकडे उंदीर. दोघांका एका घरात तोच सांभाळता मगो? मी काय वेगळा करतंय?"

मधुकर पाटाला रंग लावत होता, तो खुदकन हसला. जयरामला ते लागलं. "दादा, तू हसतंस? ह्या घरात धर्म म्हणून काय उरला काय नाय?"

शेवटी डबा घराबाहेर गेला. चंद्रावतीने शेजारच्या, मासे विकणाऱ्या नुस्तेकारणीची थर्माकोलची पेटी मागून आणली, त्यात बर्फ घातला आणि परसातल्या खोपटात, मांगरात ठेवली. दर दोन तासांनी नेवऱ्या तळता तळता ती उठायची, ट्रेमधला बर्फ घेऊन मांगरात जायची. देवकी बघायची आणि मान हलवायची. चवथीला वाजत-गाजत गणपती आला, मातीच्या घुमटाच्या ठेक्यावर आरत्या झाल्या, पातोळ्यांचा वास घरभर पसरला, आणि चंद्रावतीचं अर्धं लक्ष मांगरात वितळणाऱ्या बर्फात.

पंचमीला सकाळी तिने पेटी उघडली. बर्फाचं पाणी झालं होतं. उंदीर गार होते, पण मऊ पडले होते. म्हणजे आता परत गोठवता येणार नाहीत. आज घातले तर घातले, नाहीतर दहाच्या दहा पुरायचे. आणि नवे आणायचे ते म्हापशाच्या माणसाकडून, तो चवथीला गावी.

संध्याकाळी दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. त्यानंतर घालावेत तर उंदीर तोवर वास मारतील. देव घरात असताना घालावेत तर...

साडेतीनला जेवणं उरकून सगळे आडवे झाले. चंद्रावती मखरासमोर उभी राहिली. "बाबा," ती पुटपुटली, "तुझो एक उंदीर तिका लागता. सदतीसाचे एकोणचाळीस झाले. रागावलंस तर माझ्यार रागाव."

दोन उंदीर तिने कोमट पाण्यात धरले, पुसले, तांबडा दोरा बांधलेल्या चिमट्याने आत सोडले. धाकट्याने वाट बघितली नाही. झडप, विळखा, गिळायला सुरुवात. मोठी बुडकुल्यातून फक्त नाक काढून राहिली. जीभ आत-बाहेर. कागदावर लिहिलं होतं: बघत बसू नको, ठेवून निघून ये, लाजरी आहे. चंद्रावतीने काच सरकवून बंद केली आणि कुलपाला हात घातला तोच स्वयंपाकघरातून मधुकरची हाक आली: विसर्जनाच्या शिदोरीचं दही कुठे ठेवलंय?

"इलंय," म्हणून ती गेली. कुलूप राहिलं. दारही नुसतं ओढलेलं.

*

देवकी झोपली नव्हती. ती दोन दिवस एका गोष्टीवर विचार करत होती. गौरवी सत्तावीसची, शिकलेली, रूपाने उजवी. स्थळं येतात आणि जातात. का? आणि आता तिला कळलं होतं. घरात नाग-नागीण म्हणावं असं जोडपं आहे, आणि त्यांच्या मधे फळी ठोकली आहे! चवथीच्या आदल्याच दिवशी हरताळकेला आपण गौर आणि महादेव एका पाटावर मांडतो, आणि पलीकडच्या कुडीत एका जोडप्याची ताटातूट. मग पोरीचा संसार कसा जुळायचा?

ती वाटीत दूध आणि चिमूटभर लाह्या घेऊन कुडीत गेली. जनावराला ती भ्यायची. म्हणून तिने डोळे मिटले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि वर ओढली. फळी फुगलेली. तिने देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा ओढली. सुटली.

चंद्रावती दहा मिनिटांनी परत आली तेव्हा फळी जमिनीवर, दुधाची वाटी तिच्याजवळ, आणि देवकी हात जोडून उभी होती, डोळे अजून मिटलेलेच.

"फळी कोणी काढल्यान?"

"मी. सणाच्या दिवसात घोव-बायलेक वायली ठेवतत काय गो, वयनी? तुका कळाक नको? गौरवीचा लगीन कित्याक जमना नाय, ता..."

चंद्रावतीने पुढचं ऐकलं नाही. ती काचेत बघत होती.

मोठीने अखेर उंदीर धरला होता. एकोणचाळीस दिवसांनी. तोंडाकडून. आणि धाकटा, आपला गिळून वासामागे आलेला, त्याच उंदराला शेपटीकडून लागला होता. दोघं दोन टोकांकडून गिळत गिळत मधे भेटली होती आणि धाकटा थांबला नव्हता. मोठीचं नाक त्याच्या जबड्यात गेलं होतं. मग डोळे गेले. दोन्ही अंगांचा एक पिळा झाला होता, आणि तो पिळा भुशात हळूहळू फिरत होता.

"गो देवा," देवकीने डोळे उघडले होते. "ती काय... मुके घेतत?"

"गिळता तो तिका! गिळता!"

आवाजाने जयराम आणि मधुकर धावत आले. चंद्रावतीने गौरवीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा पुन्हा लावला. फोन उचलत नाहीत असं सांगणारा बाईचा मंजुळ आवाज.

"मार, वयनी!" जयराम दारातून ओरडला. "एकाक मार, दुसरा तरी वाचात! दांडो खंय तुझो?"

दांडा दारामागेच होता, तीस वर्षांपासूनच्या जागेवर. आणि चंद्रावतीचा हात गेलासुद्धा. सवय ती सवय. बोटांना गाठींची ओळख लागली. धाकट्याच्या मानेच्या वर कुठे बसवायचा हेही तिला दिसलं. असे किती बसवले होते. एक फटका आणि जबडा सैल. मोठी वाचेल. दोघांतलं एक उरेल.

दोघं जिवंत पाहिजेत. बाकी काही मागत नाही.

तिने दांडा अंगणात भिरकावला. तो तुळशीच्या कट्ट्यावर आपटून लांब गेला.

"कागद! अहो, तो कागद वाचा! मागची बाजू!"

मधुकरने चष्म्याशिवाय कागद लांब धरला. "एकमेकांक धरल्यानी तर ओढू नको. दात मागे वळलेले, तोंड फाटतला. थंड पाणी..."

थंड पाणी होतं, मांगरातल्या पेटीत, बर्फाचं. मधुकर कळशी घेऊन धावला. चंद्रावतीने काच सरकवली. आकडा घेतला आणि ठेवून दिला. आकड्याचं हे काम नव्हतं. तिने दोन्ही हात आत घातले आणि अख्खा पिळा उचलला.

तिला वाटलं होतं ओलं, गिळगिळीत, थंड काहीतरी हाताला लागेल. काहीच तसं लागलं नाही. पण ते मनात धरायला वेळ नव्हता. मधुकरने पाणी ओतलं. पिळा आणखी आवळला. पुन्हा ओतलं. धाकट्याचा जबडा तसूभर पुढे सरकला.

"सुटणा नाय. पुढे काय आसा? वाचा!"

"नाय सुटला तर..." मधुकर थांबला. "दारू. दोन थेंब. कापसान, तोंडाच्या कोपऱ्यात."

या घरात औषधाला म्हणून काजूच्या फेणीची एक बाटली असायची, सर्दीला, पोटाला. पण चवथ म्हणून चंद्रावतीनेच ती चार दिवसांपूर्वी घराबाहेर काढून लांबच्या वाड्यावर मावशीकडे पाठवली होती. जायला-यायला अर्धा तास.

"स्पिरीट? सेंट?" ती ओरडली. "कोणाकडे काय आसा काय नाय?"

मोठीची शेपटी सैल पडायला लागली होती. चंद्रावतीला ती मनगटावर कळत होती: मघाशी आवळत होती, आता नुसती लोंबत होती.

जयराम हलला. कोणाकडे न बघता अंगणात गेला. गाडीची डिकी उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फेणीची बाटली होती, चार बोटं कमी असलेली.

देवकीने बाटलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. "शिरां पडो," ती शिवी दिल्यासारखं अगदी हळू म्हणाली. "देव घरात आसताना?"

"ओखदाक," जयराम म्हणाला.

"कापूस आण!" चंद्रावती किंचाळली. "भांडणा मागीर!"

समईच्या वातींचा कापूस देवकीनेच आणला. तिनेच तो फेणीत बुडवला, आणि तिनेच पिळून दिला. चंद्रावतीने धाकट्याचा जबडा अंगठा आणि बोटात धरला आणि वात त्याच्या ओठाच्या कडेला टेकवली. एक थेंब. काही नाही. दुसरा.

धाकट्याने डोकं झटकलं. जबडा एवढा उघडला की आतलं गुलाबी मांस दिसलं. तो मागे सरकला, एक दात, मग दुसरा, आणि मोठीचं डोकं बाहेर आलं. ओलं, सुरकुतलेलं, नाकावरचा खवला सोललेला. अर्धा गिळलेला उंदीर तिच्या तोंडातून आपोआप खाली पडला.

ती हलली नाही.

*

गणपती निघायची वेळ टळत चालली होती. पाच वाजता आरती झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा चंद्रावती नदीपर्यंत गेली नाही. फळी तिने परत बसवली, दगडाने ठोकली, धाकट्याला त्याच्या बाजूला ठेवलं, आणि मोठीला मांडीवरच्या कोरड्या पंच्यावर घेऊन कुडीत बसून राहिली. बाहेर घुमट वाजत लांब गेले. देवकी शिदोरी घेऊन निघाली, ती दाराशी थांबली. दुधाची वाटी उचलून घेऊन गेली.

सहाला फोन वाजला.

"आई, तेरा मिस्ड कॉल? मी ऑपरेशनमध्ये होते. काय झालं?"

चंद्रावतीला सांगता आलं असतं, की देवकीने फळी काढली. ते खरंच होतं. किंवा काही नाही म्हणता आलं असतं. कवड्याच्या वेळी तिने तसंच उडवून लावलं होतं, 'मण्यारच होती, तुका काय कळता.'

"मी कुलूप लावलंय नाय," ती म्हणाली. "तुझ्या कागदार दोन रेघो होत्यो. तरी नाय लावलंय. दोघांनी एकमेकांक धरल्यानी. धाकटो बरो आसा. मोठी हलणा नाय."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

"जीभ काढते?"

"नाय."

"नाकाजवळ तुझा हात धर. हलवू नको. थांब."

चंद्रावतीने हात धरला. त्याला खोबरं, फेणी, कापूर, सगळ्याचा वास येत असणार. नदीकडे फटाके वाजले. मोठीच्या ओठाच्या मधल्या खाचेतून काळा दोरा बाहेर आला, अर्धा इंच, आणि आत गेला.

"काढल्यान!"

गौरवीने श्वास सोडला, तो मंगळूरहून नार्व्यापर्यंत ऐकू आला. "दहा दिवस काही देऊ नको. पाणी फक्त. नाकाला हळद-बिळद काही लावू नको. अकराव्या दिवशी छोटा उंदीर. मी म्हापशाला सांगते." मग थांबून, "तू हातात घेतलंयस तिला?"

"मांडयेर आसा."

"कशी लागली?"

चंद्रावतीने खाली बघितलं. "सुकी," ती म्हणाली. "माका इतकी वर्सां वाटायचा, ओली आसतत म्हणून."

*

ते दहा दिवस कसे गेले ते कॅलेंडरला माहीत. त्यावर गोलही नाही, फुलीही नाही. जयराम-देवकी वास्कोला गेले; जाताना दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि देवकीने सुताराला फोन करून दुसरं कपाट सांगितलं, हे चंद्रावतीला मागाहून कळलं. वाड्यावरून एकदा हाक आली, कोणाच्या तरी विहिरीजवळ जनावर. चंद्रावतीने विचारलं, "कसला?" हाक मारणाऱ्याला ते सांगता येईना. ती रिकाम्या हाताने गेली. दिवड होतं. तिने माणसांनाच घरात जायला सांगितलं आणि ते आपल्या वाटेने जाईपर्यंत उभी राहिली. दांडा कुठे म्हणून कोणी विचारलं नाही असं नाही. विचारलं, हसलेही. तिने त्यांना हासडलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

अकराव्या दिवशी दुपारी तिने बोटभर उंदीर कोमट केला, पुसला, सोडला. काच सरकवली. कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. दार लावून घेतलं आणि बाहेर दाराला पाठ टेकून अळू सोलत बसली. मधुकर दोनदा येऊन गेला. "बघू?" "नाय." तासभर ती उठली नाही. अळू संपलं तरी नुसती सुरी हातात घेऊन बसली. पोरीची बॅग तिकडे भरलेली होती. फुली पडली तर रात्रीची गाडी.

मग ती उठली, दार उघडलं आणि काचेला नाक लावलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"जेवली," चंद्रावती म्हणाली.

गौरवीने विचारलं, "कोण जेवली?"

"कोण काय विचारतंस?" चंद्रावतीचा आवाज चढला, आणि चढता चढता फुटला. "आमसूल."